फोटो हलके करायचे: टिनीपीएनजीवर की स्क्वूशमध्ये?

वहिनींचा दिवाळी फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. यंदा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर पांढरा कागद अंथरून त्यांनी चकली, चिरोटे, अनारसे असे साठेक फोटो काढले. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचा लगेच निरोप आला, "फोटो फार जड आहेत, बारीक करून द्या." त्याच आठवड्यात भाच्याचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म निघाला. त्याला फोटो हवा २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची. दोघांचंही म्हणणं एकच होतं: ब्राउझरमध्येच होईल असं सांग, इन्स्टॉल-बिन्स्टॉलची भानगड नको. मी मात्र दोघांना वेगवेगळ्या दारी पाठवलं.

टिनीपीएनजी म्हणजे ती पांडावाली साइट. पीएनजी, जेपीजी, वेबपी हे चित्राच्या फाइलचे प्रकार. नावात पीएनजी असलं तरी साइट जेपीजी आणि वेबपीही घेते. तिथे फोटो टाकला की तो त्यांच्या सर्व्हरवर जातो, तिकडे बारीक होतो आणि परत येतो. स्क्वूश हीही फोटो हलके करायची साइटच, पण तिचं उलट आहे. गूगलच्या क्रोमवाल्या मंडळींनी २०१८ साली ते आणलं. त्यात फोटो दाबणारा प्रोग्रामच तुमच्या ब्राउझरमध्ये उतरतो आणि फोटो तुमच्याच मशीनवर राहतो. पटत नसेल तर एकदा वापरून झाल्यावर वाय-फाय बंद करा आणि दुसरा फोटो टाका, काम होतं. "तुमची फाइल सुरक्षित आहे" असं लिहिणाऱ्या कुठल्याही साइटला हीच परीक्षा लावावी. नेट बंद असताना काम झालं तर फाइल बाहेर जात नाही हे कळलं. अडकलं तर संशय घ्यायला जागा आहे.

भाच्याचा निर्णय इथेच झाला. फोटो, सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा, या तीन गोष्टी एकत्र कुठल्या अनोळखी सर्व्हरवर मी तरी चढवणार नाही. "५० केबीमध्ये फोटो" म्हणणाऱ्या साइट्स ढिगाने आहेत. त्यांतल्या एकीवर डाउनलोडची चार बटणं होती आणि त्यांतली तीन जाहिरातींची निघाली. म्हणून भाच्याला स्क्वूश.

त्याआधी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून फोटो करून आला होता. चेहरा फरशा बसवल्यासारखा दिसत होता, पण दुकानदार म्हणाला, "चालशे." असं का होतं, ते जरा खोलात सांगतो, कारण सगळी मेख यातच आहे. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्यांचे, चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील कमी-जास्त फेकून देतं. फोनचा फोटो ४००० बाय ३००० असेल तर चौकोन होतात १,८७,५००. तेवढे सगळे ५० केबीत कोंबायचे म्हटलं तर एका चौकोनाच्या वाट्याला जेमतेम दोन बिट येतात. दोन बिटांत नाक काढायचं की भुवई? तोच फोटो आधी २०० बाय २३० केला तर चौकोन उरतात सव्वासातशे आणि प्रत्येकाला सत्तरेक बाइट मिळतात, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. म्हणजे आधी लांबी-रुंदी कमी करायची, क्वालिटीला हात नंतर. दुकानात नेमकं उलटं झालं होतं.

स्क्वूशमध्ये रिसाइझचा, म्हणजे लांबी-रुंदी बदलायचा, खटका उजवीकडच्या पट्टीत आहे. हवी तशी चौकट धरून कापायची सोय मात्र तिथे नाही. ते फोनच्या गॅलरीत आधीच उरकावं, नाहीतर चेहरा ताणला जातो. "मला ५० केबी दे" असंही त्याला सांगता येत नाही. क्वालिटीचा स्लायडर सरकवायचा आणि खाली केबीचा आकडा बघायचा. मधली उभी रेघ इकडे-तिकडे ओढली की एका बाजूला मूळ चित्र, दुसऱ्या बाजूला दाबलेलं. मला ही रेघच सगळ्यात आवडते. डोळ्याला फरक दिसायला लागला की थांबायचं.

वहिनींची गोष्ट निराळी. त्यांचे फोटो जगाने बघावेत म्हणूनच काढलेत, त्यात लपवायचं काय? आणि स्क्वूश एका वेळी एकच फोटो घेतं. साठ चकल्या एकेक करून सरकवत बसायला दिवाळीच्या तोंडावर कुणाला वेळ आहे? टिनीपीएनजीवर घोळका टाका, झालं की एकत्र झिप घ्या. फुकटात एका वेळी किती फायली आणि किती मोठ्या यावर मर्यादा आहे, म्हणून दोन-तीन हप्ते करावे लागतील. क्वालिटीचा स्लायडर नाही, किती दाबायचं ते साइटच ठरवते. वहिनींना तेच बरं वाटलं. वेबसाइटवाल्या मुलाला वेबपी हवे होते, तेही तिथे बदलून मिळतात. गूगलचा हा प्रकार २०१० सालचा, सफारीने तो स्वीकारला २०२० मध्ये, त्यामुळे आता वेबसाइटसाठी बिनधास्त वापरावा. फॉर्मला मात्र जेपीजीच. आणि फाइलच्या नावाची शेपटी बदलून वेबपीचं जेपीजी होत नाही, हे भाच्याने करून बघितलंय.

एवीआयएफ हा आणखी एक फाइलचा प्रकार, त्यात फोटो वेबपीहून हलका होतो. पण आमच्या जुन्या लॅपटॉपवर स्क्वूशमध्ये ते निवडलं की पंखा घरघरतो आणि चहा होईपर्यंत थांबावं लागतं.

वहिनींच्या आयफोनवरचे काही फोटो एचईआयसी, म्हणजे आयफोनच्या आपल्या फाइल-प्रकारात, निघाले. त्यासाठी कन्व्हर्टर शोधू नका. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवा, पुढचे फोटो जेपीजीच येतील.

आमच्या मंडळाची निमंत्रणपत्रिका दोन्हीकडे घालून बघितली. पांढऱ्यावर लाल अक्षरं. जेपीजी केली की अक्षरांच्या कडेला लालसर धूर दिसतो, कारण बहुतेक वेळा चार पिक्सेल मिळून रंग एकदाच साठवला जातो. पीएनजी म्हणून टिनीपीएनजीत टाकली तर रंग २५६ वर येतात, आणि पत्रिकेत तेवढेही नसतात, त्यामुळे अक्षर कोरल्यासारखं राहतं. तोच प्रयोग सूरसागर तलावाच्या संध्याकाळच्या फोटोवर केला, तर तिथल्या महादेवाच्या मूर्तीमागच्या आभाळाचे पट्टे पडले. फोटो असेल तर जेपीजी किंवा वेबपी, अक्षरं असतील तर पीएनजी, मग साइट कुठलीही घ्या.

भाच्याची सही १४ केबीत बसली. फोटो मात्र १८ वर अडला. फॉर्मला तो जड नव्हे, हलका वाटत होता. स्लायडर ९५ वर नेला, २३ केबी झाला, आणि घेतला.