सर्कल शिकवणारे ड्रायव्हिंग स्कूल
नाशिकमधील ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी नुकतीच मोटार शिकले, तेथील सरांनी मुंबई नाक्याच्या सर्कलसाठी सलग दोन दिवस सकाळचा वेळ दिला, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. सर्कलमध्ये आधीच असलेल्या, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्रथम जाऊ द्यावे, हा नियम त्यांनी प्रत्यक्ष गाडी थांबवून अंगवळणी पाडला. उजवीकडे जायचे असल्यास आतली लेन धरावी आणि आपल्या आधीचा फाटा मागे पडताच डावा इंडिकेटर देऊन, डावा आरसा पाहून मगच बाहेर यावे, हेही त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा करून घेतले. मागून हॉर्न वाजत असताना ‘ताई, क्लच दाबून ठेवा, घाई नको’ एवढेच ते शांतपणे सांगत. शुल्काची पावती मात्र तीनदा मागावी लागली, हे योग्य नव्हे.