हातचा डाव गेल्यावर: उठावं की बसून राहावं?
वाशीत आम्ही मित्र पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर (प्लॅस्टिकच्या चकत्यांवर) पोकर खेळतो. तरी एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीकडून हरली की डोकं तापतंच. मग एकजण उठून सागर विहारला फेरी मारतो, दुसरा जागेवरच हिशेब आठवतो: फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं उघडण्याआधी, सगळ्या चिप्स लावल्या, तर राजांविरुद्ध एक्के शंभरातल्या सुमारे ८२ वेळाच जिंकतात. म्हणजे हरलो तरी निर्णय बरोबरच होता. हे मनापासून पटत असेल तर बसणं सरस. इतरांच्या चालीही नजरेखालून जातात. पण पानं नीट न बघताच ‘ऑल-इन’ (सगळ्या चिप्स पणाला) म्हणावंसं वाटू लागलं, की आकडे डोक्यात शिरतच नाहीत. तेव्हा सरळ उठा, आणि परतल्यावर पहिला डाव नुसता बघा.