आदर्श डायोड सिम्युलेशनमध्ये कसा बसवावा: एन कमी करून, आरऑन देऊन की स्विच लावून?

12 व्होल्टवर चालणारा बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) काढला, ड्यूटी (स्विच चालू राहण्याच्या वेळेचं प्रमाण) 50 टक्के ठेवली, की आउटपुट 24 व्होल्ट यायला हवं. पण स्पाइस या सर्किट सिम्युलेटरमधला डीफॉल्ट डायोड लावून रन केलं आणि त्यातून 1 अँपिअरच्या आसपास करंट जात असला, तर येतं साधारण 23.2. गणित बरोबरच असतं, उरलेले 0.8 व्होल्ट डायोडवर पडलेले असतात. टोपॉलॉजी (सर्किटची मांडणी) आधी तपासायची आणि लॉस नंतर मोजायचे असतील, तर हा ड्रॉप वाटेतून काढलाच पाहिजे, म्हणजे ड्रॉप नसलेला आदर्श डायोड हवा. त्यासाठी लोक तीन गोष्टी करतात.

सगळ्यात सोपी म्हणजे मॉडेलमधला एन, म्हणजे डायोडच्या घातांकी समीकरणातला आदर्शता गुणांक, कमी करणं. एन 1 चा 0.01 केला, की 1 अँपिअरला 0.83 व्होल्टऐवजी सुमारे 8 मिलिव्होल्ट पडतात. हे स्पाइस घराण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं आणि टीटी (ट्रान्झिट टाइम), सीजेओ (जंक्शन कपॅसिटन्स) हे पॅरामीटरही शाबूत राहतात. अडचण अशी की घातांकी वक्र भिंतीसारखा उभा होतो. एन 0.01 असताना डायोडवर नुसते 0.1 व्होल्ट पडले, तर समीकरण 168 अंकांच्या आसपासचा आकडा मागतं. सिम्युलेटर व्होल्टेजची उडी आवरतो म्हणून निभावतं. 0.001 वर गेलात, तर कन्व्हर्जन्सच्या (सिम्युलेटरला उत्तर न सापडण्याच्या) तक्रारी येणारच असं समजा.

याहून वाईट खड्डा तापमानाचा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. आयएस (डायोडचा सॅच्युरेशन करंट) तापमानाप्रमाणे बदलतो आणि त्या सूत्रात बँडगॅपला एनने भाग जातो. एन 0.01 ठेवून तापमान 27 वरून 37 अंशांवर नेलं, तर आयएस 10 च्या 60 व्या घाताहूनही जास्त पटीने वाढतो. डायोड उलट्या दिशेनेही शॉर्ट होतो! टेंपरेचर स्वीप करायचा असेल तर या वाटेला जाऊच नका.

दुसरा मार्ग एलटीस्पाइस या स्पाइस सॉफ्टवेअरचा. डायोडच्या मॉडेलमध्ये आरऑन (चालू असतानाचा रोध), आरऑफ (बंद असतानाचा रोध) किंवा व्हीफॉरवर्ड (डायोड चालू होण्याचं व्होल्टेज) यांपैकी काहीही लिहिलं, की ते घातांकी समीकरण सोडून सरळ रेषांच्या तुकड्यांचं मॉडेल धरतं. आरऑन 1 मिलिओहम, आरऑफ 10 मेगओहम, व्हीफॉरवर्ड शून्य, एवढं पुरतं. दोन रेषा जिथे मिळतात तिथला कोपरा मात्र टोचतो, कारण सिम्युलेटर ज्याने समीकरणं सोडवतो ती न्यूटनची पद्धत उताराच्या भरवशावर चालते आणि तिथे उतार एकदम बदलतो. म्हणून एप्सिलॉनला (कोपरा किती रुंद गोल करायचा ते ठरवणाऱ्या पॅरामीटरला) 10 मिलिव्होल्टसारखी किंमत द्या, कोपरा गोल होतो. बरेच जण हे विसरतात आणि मग सर्किटला दोष देतात.

आणखी आदर्श करू म्हणून आरऑन नॅनोओहमवर आणि आरऑफ टेराओहमवर नेऊ नका. त्यात 21 दशकांचं अंतर पडतं आणि सिम्युलेटर वापरतो त्या डबल प्रिसिजन आकड्यांमध्ये जेमतेम 16 अंक असतात. एकाच नोडवर दोन्ही आले की लहान कंडक्टन्स (रोधाचा व्यस्त) बेरजेत हरवतो.

तिसरा पर्याय व्होल्टेजवर चालणारा स्विच. त्याची कंट्रोल टोकं त्याच्याच दोन टोकांना जोडायची आणि थ्रेशोल्ड (चालू होण्याचं व्होल्टेज) शून्य ठेवायचा. ऑन असताना करंट उलटला, की आरऑनवरचा ड्रॉप उणे होतो आणि स्विच आपसूक उघडतो. युक्ती छान आहे, पण शून्याजवळ तो चालू-बंद होत राहतो, टाइमस्टेप बारीक होत जातो आणि शेवटी रन अडकतो. सिंक्रोनस रेक्टिफायरसारखं (डायोडच्या जागी नियंत्रित स्विच) बाहेरून कंट्रोल हवं असेल तेव्हाच मी तो घेते.

एलटीस्पाइस हाताशी असेल तर माझं मत सरळ दुसऱ्या मार्गाला. नसेल तर एन 0.05 च्या खाली नेऊ नका आणि तापमान 27 वरच राहू द्या. 0.05 वरही 1 अँपिअरला 40 मिलिव्होल्टच्या आसपासच पडतात, म्हणजे 24 च्या जागी 23.96 दिसेल.