शेअरिंगचं घर: एकत्र करार की खोलीपुरता?

नुकतीच नोकरी लागलेल्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. एकत्र करारात, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच भाडेकरार असेल तर, माणशी भाडं सहसा कमी पडतं, पण जबाबदारी सगळ्यांची मिळून. तिघांतला एक निघून गेला की उरलेल्यांचा वाटा एकतृतीयांशावरून निम्म्यावर, म्हणजे थेट दीडपट! डिपॉझिटही एकच, दार एकाने मोडलं तरी कपात सगळ्यांची. म्हणून पहिल्याच दिवशी घराचे तारखेसह फोटो काढा आणि बदली माणूस कोण शोधणार, ते करारातच लिहून घ्या.

खोलीपुरत्या करारात, म्हणजे प्रत्येकाचा आपापल्या खोलीसाठी वेगळा करार असेल तर, भाडं जास्त, बरेचदा वीज-पाणी धरून. शेजारच्या खोलीत कोण येणार, हे मात्र घरमालक ठरवतो.

खात्रीचे मित्र आणि दोन-तीन महिन्यांचं भाडं गाठीशी असेल, तर एकत्र करार. प्रोबेशनवर असाल किंवा बदली संभवत असेल, तर खोलीपुरताच.