रेझिनची कुत्र्याची कवटी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये जून ते जानेवारी वापर. मुख्य काम एकच: कार्नेशियल, म्हणजे मांस कातरणाऱ्या दाढांची जोडी दाखवणं. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. मॉडेल त्यासाठी चांगलं आहे, पण जसं येतं तसंच वापरलं तर चुकीचं शिकवतं.

दात पूर्ण 42. सुळ्यामागची पहिली उपदाढ मात्र इतकी बारकी की मुलं ती सोडून मोजतात आणि चौथी म्हणून वरच्या पसरट पहिल्या दाढेवर बोट ठेवतात. त्या उपदाढेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवावा.

खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद आहे, तो दोष नव्हे. खऱ्या कुत्र्यातही खालची कार्नेशियल वरचीच्या आतल्या अंगाने घासत वर जाते आणि एका वेळी एकच बाजू भिडते. म्हणून तर कुत्रा मान कलती करून मांस तोडतो. दोष आहे स्प्रिंगचा. ती जबडा मध्यावरच धरून ठेवते, बाजूला सरकूच देत नाही. स्प्रिंग काढा, जबडा हाताने किंचित एका बाजूला घ्या आणि मिटा. मग अडकित्ता दिसतो. तशीही ती पहिल्याच पावसाळ्यात गंजली. मुंबईच्या हवेत साध्या लोखंडाची स्प्रिंग द्यायची म्हणजे कमालच.

कागद कापून दाखवायच्या फंदात पडू नका. खऱ्या दाढा एकमेकींवर घासून धार राखतात, रेझिनच्या कडा गोलसर असतात. त्यापेक्षा घट्ट कणकेची बोटभर जाड वळी मध्ये ठेवा. पाती मागून पुढे मिटत येतात आणि मधली खाच कणीक पुढे निसटू देत नाही, हे ठशात नीट उमटतं. कणीक लगेच ब्रशने काढा, नाहीतर कपाटात मुंग्या.

खालच्या कार्नेशियलची मागची टाच छान ओतली आहे: पुढे अडकित्ता, मागे खलबत्ता. कुत्रा हाडं नि इतर अन्नही चिरडतो ते याच भागावर. मांजरात ही टाच जवळपास उरलेलीच नाही, खाली तिच्यामागे दुसरी दाढही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याचंही तसंच. त्यामुळे तुलनेला मांजराची, 30 दातांची कवटी शेजारी हवीच. ती वेगळी घ्यावी लागते.

वरच्या कार्नेशियलची तीन मुळं यात दिसत नाहीत. त्यासाठी एका बाजूचं हाड कापून दाखवलेलं मॉडेल मागा.