उन्हाळ्यातली व्हिटॅमिन सी पावडर: कोंबड्यांना हो, शेळ्यांना कशाला?

पाचपैकी साडेतीन तारे. उरलेला दीड डब्यावरच्या चित्रापायी कापलाय, त्याकडे शेवटी येते.

आमची वर्धा जिल्ह्यात दीड हजार लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, पक्ष्यांची उघडी शेड आहे. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग अंड्याच्या कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. त्यात ती खातेही कमी. म्हणून या दिवसांत ट्रेमध्ये तडकलेली अंडी दिसायला लागतात आणि व्यापारी भाव पाडतो.

एरवी कोंबडी स्वतःचं व्हिटॅमिन सी मूत्रपिंडात बनवते, बाहेरून द्यायची गरज नसते. उन्हाच्या ताणात मात्र तिचं स्वतःचं पुरत नाही. म्हणजे ही पावडर मार्च ते जूनची, वर्षभर पाजत बसायची नाही.

माल चांगला आहे. किलोचा डबा, लेबलवर निव्वळ ॲस्कॉर्बिक ॲसिड लिहिलेलं, पावडर पांढरी आणि पाण्यात लगेच विरघळणारी. घेताना टक्केवारी नक्की वाचा. ग्लुकोज जास्त आणि सी नावापुरतं, असे डबेही त्याच फळीवर असतात. आतली पिशवी मात्र एकदा फाडली की बंद होत नाही. हवा लागली की पावडर पिवळी पडायला लागते, म्हणून मी ती घट्ट झाकणाच्या बरणीत काढून अंधारात ठेवते.

मी 5 लिटर पाण्याला 1 ग्रॅम टाकते, ऊन चढायच्या आधी, आणि पक्षी दुपारपर्यंत संपवतील तेवढंच पाणी करते. सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत टाकीत राहिलं तर त्यात सी फारसं उरत नाही. लोखंडी गंजका पाइप असेल तर आणखी लवकर जातं.

लेबलवर न छापलेली गोष्ट म्हणजे ब्लीचिंग पावडर. आपण टाकी ब्लीचिंगनं शुद्ध करतो आणि त्याच टाकीत ही पावडर ओततो. व्हिटॅमिन सी क्लोरीनला मारतं आणि त्यात स्वतःही संपतं. ना पाणी शुद्ध, ना कोंबडीला सी. खाण्याच्या सोड्याचंही तसंच, दोन्ही एकत्र टाकले की फसफसतं. सोडा द्यायचाच तर वेगळ्या वेळी, वेगळ्या पाण्यातून. ज्यांना ही कटकट नको त्यांनी खाद्यात मिसळायचं कोटिंग केलेलं सी घ्यावं, टनाला 200 ते 250 ग्रॅम. ते टिकतं जास्त, पण पाण्यात टाकायच्या कामाचं नाही.

फरक पडला का? तडकलेली अंडी कमी झाली, हे खरं. पण त्याच उन्हाळ्यात आम्ही छतावर तुराट्या टाकल्या आणि पाण्याचा बारीक फवारा मारणारे फॉगर बसवले, त्यामुळे सगळं श्रेय डब्याला देणार नाही. टाकीतलं पाणी गरम असेल तर कोंबडी ते पीतच नाही, मग त्यात काहीही घाला. आधी टाकी सावलीत घ्या. लेबलवर ‘मरतुक थांबवते’ छापलंय, ते काही खरं धरू नका.

आता चित्र. डब्यावर गाय, शेळी, कुत्रा, कोंबडी सगळे एका ओळीत हसत उभे आहेत, आणि दुकानदारही शेळ्यांसाठी दुसरा डबा गळ्यात मारत होता. गाय, शेळी, कुत्रा आपलं सी यकृतात बनवतात. शिवाय गाय-शेळीला साधं सी तोंडावाटे दिलं तर बरंचसं पोटातच, रवंथाच्या कप्प्यात, नष्ट होतं. पैसे थेट शेणात. खरी गरज ज्याला आहे तो गिनीपिग चित्रात नाहीच. माझ्या भाचीकडे पुण्यात दोन आहेत. त्यांना माणसासारखंच सी बनवता येत नाही, रोज बाहेरून लागतं, नाहीतर सांधे सुजतात. ती त्यांना ढोबळी मिरची देते.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा घेणार आहे. अर्ध्या किलोचा डबा निघाला तर बरं होईल, किलो संपेपर्यंत पावडर पांढरी राहत नाही.