पीसी चालूच होत नाहीये: घरी उघडायचा, दुकानात न्यायचा की नवीन घ्यायचा?

मागच्या आठवड्यात बहिणीचा फोन आला, दादा बटण दाबतेय पण काहीच होत नाहीये, दुकानात नेऊ की आता नवीनच घेऊ? मी आधी एवढंच विचारलं, सीपीयूच्या डब्यातला पंखा फिरतोय का. कारण तीनपैकी कुठल्या रस्त्याला जायचं ते तिथेच निम्मं ठरतं, आणि बरेच जण हे न बघताच सीपीयू उचलून स्कूटीवर ठेवतात.

पंखा नाही, लाइट नाही, एकदम मेल्यासारखा असेल तर घरी बघणं सगळ्यात स्वस्त. मॉनिटरला जी पॉवर केबल असते तीच बहुतेक वेळा सीपीयूला पण चालते, अदलाबदल करून बघा, स्पाइक गार्ड सोडून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, मागे एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा) छोटं बटण कुणाच्या हाताने (किंवा झाडूने) बंद झालंय का ते बघा. यात दहा मिनिटंही जात नाहीत. तरी नाही झालं तर पुढचं पॉवर बटणच खराब असू शकतं, मदरबोर्डवर (आतली मोठी मुख्य सर्किटची पाटी) त्या बटणाच्या वायरी जिथे लागतात त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, चालू झाला तर फक्त बटण गेलंय.

मग उरतो एसएमपीएस. साध्या असेंबल केलेल्या पीसीत तो घरी तपासता येतो: भिंतीतला प्लग काढा, २४ पिनचा मोठा कनेक्टर मदरबोर्डातून काढा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची काळी यांच्यात पेपरक्लिप घाला, मग प्लग लावा. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर तो गेला असं बहुतेक धरायला हरकत नाही. फिरला तरी तो चांगलाच आहे असं मात्र नाही, कारण लोड आल्यावर व्होल्टेज पडू शकतं, मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. वायरींना रंग नसतील, सगळ्या काळ्याच असतील, तर ही टेस्ट घरी करू नका. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीच उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारे नळकांड्यासारखे भाग) ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, हे मी मनापासून सांगतोय.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, हा दुसरा प्रकार, आणि इथे घरचा उपाय दुकानापेक्षा सरस ठरतो असं माझं मत आहे. ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची चित्राची केबल कार्डालाच लागलीये ना ते बघा. मग प्लग काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला स्टॅटिक घालवून, रॅम (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवलेली मेमरीची लांबट पट्टी) काढा, तिच्या कडेची सोनेरी पट्टी शाळेच्या साध्या खोडरबरने हलकेच पुसा, कण झटका, टक आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून, स्लॉट बदलून बघा. पावसाळ्यात कोकणपट्टीत तर हा प्रकार फारच होतो, दमट हवेत पट्टीवर थर बसतो. याने नाही झालं तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल (सीआर२०३२, तीस-पन्नास रुपयांना मिळतो) पाच मिनिटं काढून परत लावा.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच काळा स्क्रीन आला, एका दुकानात नेला, त्यांनी सांगितलं मदरबोर्ड गेला, साडेचार हजार होतील. विचार करतो म्हणून घरी आणला, रॅम पुसून दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकली आणि सुरू झाला, पुढे अडीच वर्षं चालला. तेव्हा खूप राग आला होता, पण म्हणून दुकानात जाऊच नका असं मी म्हणणार नाही.

दुकानाचा खरा फायदा म्हणजे त्यांच्याकडे बदलून बघायला चालू एसएमपीएस, रॅम, कार्ड पडलेलं असतं. आपण अंदाज बांधतो, ते पार्ट लावून दहा मिनिटांत दाखवतात. म्हणून रॅम, सेल, केबल सगळं करून झालं असेल, किंवा मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसत असतील, तर पुढे स्वतः खटपट करण्यात अर्थ नाही. फक्त नेण्याआधी हार्डडिस्क काढून घरी ठेवा, चालू होत नाही ही तक्रार तपासायला ती लागत नाही, फोटो आणि बँकेचे कागद आपल्याकडेच राहतात. बदललेला जुना पार्ट परत मागा. वॉरंटी चालू असेल तर मात्र काहीच उघडू नका, आधी बिल शोधा.

अजून एक, डेल किंवा एचपीच्या बऱ्याच ऑफिस डेस्कटॉपमध्ये एसएमपीएसचा कनेक्टर वेगळाच असतो, तिथे वरची क्लिपची टेस्ट लागू होत नाही आणि बाजारातला साधा एसएमपीएसही बसत नाही. असा पीसी असेल तर सरळ दुकान.

एसएमपीएस घ्यायचाच झाला तर सात-आठशेचा लोकल घ्यावा की अडीच हजाराचा ब्रँडेड, हे पण सगळे विचारतात. लोकलवर ४५० वॉट छापलेलं असतं पण तेवढं तो देईलच याचा भरवसा नाही आणि जाताना मदरबोर्ड घेऊन जाऊ शकतो. मी ब्रँडेडच घेईन, लाइट वरचेवर जाते तिथे तर नक्कीच.

नवीन कधी? माझा हिशोब साधा आहे. मदरबोर्ड गेलाय आणि रॅम डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची आहे, तर त्यात पैसे घालू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी जनरेशन किंवा त्यापुढचं लागतं, म्हणजे जुना बोर्ड मिळवून बसवला तरी प्रश्न तिथेच येऊन थांबतो. नवीन परवडत नसेल तर आठव्या जनरेशनचा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून परत विकलेला) ऑफिस पीसी बघा, मॉनिटर, कीबोर्ड, हार्डडिस्क आपलीच वापरता येते. पण फक्त एसएमपीएस किंवा रॅम गेलीये म्हणून अख्खा पीसी बदलणं मला पटत नाही.

बहिणीकडे पंखा फिरत नव्हता, मॉनिटरची पॉवर केबल लावूनही नाही, क्लिप घातली तरी नाही. प्रोसेसर आठव्या जनरेशनचा आयथ्री, रॅम नव्या प्रकारची डीडीआर४, म्हणून नवीन घ्यायचा विषयच आला नाही. शनिवारी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून ब्रँडेड एसएमपीएस आणला, व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेलो आणि भाचीने एकेक वायर लावली, तिचा प्रोजेक्ट डी ड्राइव्हला होता तसाच आहे.